चाकणच्या रस्त्यावर नानाने शोधलेला बोळ

मागच्या लेखाखाली एका वाचकाने विचारलंय, "आजी, पुण्याहून चाकणला सायकलने जाता येईल का?" येईल की. मी गेले होते. फक्त तेव्हा मी वीस वर्षांची होते, चाकणला कारखाने नव्हते, कांदा होता, आणि नवे पैसे यायला अजून थोडा अवकाश होता. म्हणजे धरा पंचावन्न-छप्पन साल. आता तुम्ही म्हणाल, म्हातारीला इतक्या वर्षांपूर्वीचा रस्ता काय आठवणार. आठवतो. ज्या रस्त्यावर आपलं सगळं अडकलेलं असतं तो खड्ड्यांसकट आठवतो.

काय अडकलं होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही मूळचे सांगलीचे. मोठा भाऊ नाना पुण्यात कारकून, नारायण पेठेत दोन खोल्या, आणि मी त्याच्याकडे राहून शिक्षिकेचं ट्रेनिंग पुरं केलेलं. नोकरीची ऑर्डर आली ती चाकणच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेची. मोशीच्या पुलावरून इंद्रायणी ओलांडली की काठाकाठाने दीड मैलावर. पिंपरीत माझी मावशी राहायची, तिच्याकडे राहून रोज सायकलने जायचं, असं मी मनात पक्कं केलं होतं. पिंपरीहून नऊ मैल जायला, नऊ यायला. एस.टी. होती, पण ती आपल्या सोयीने यायची, शाळेच्या नाही.

सांगलीहून वडिलांचं कार्ड आलं. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. लिहिलं होतं, की नानाने स्वतः त्या रस्त्यावर सायकल चालवून पाहावी. एकट्या मुलीला रोज जाण्यासारखा आहे, असं त्याने लिहिलं तर तिने हजर व्हावं. नाही लिहिलं तर ऑर्डर परत करून सांगलीला यावं. सांगलीला यावं म्हणजे काय, ते मला न लिहिताही कळत होतं. तीन स्थळं रांगेत उभी होती. आणि एकदा नाकारलं की यादीत पुन्हा नाव कधी येईल ते देवाला ठाऊक.

नाना स्वभावाने वाईट नव्हता, पण पुण्यात दहा वर्षं काढली होती. त्याचं कधी चुकायचं नाही. मी म्हटलं, "सायकल मला चालवायची आणि रस्ता बघणार तू एकटा? मी येणार." वहिनी आतून म्हणाली, "घेऊन जा तिला, नाहीतर दोन दिवस माझं डोकं खाईल." अशी मी निघाले. लेडीज सायकल भाड्याची, दोन दिवसांचा दीड रुपया. दुकानदाराने सायकलकराचा बिल्ला आहे ना, दिवा आहे ना, सगळं दाखवून दिलं. बिनदिव्याची सायकल पुण्यात पोलिसाला गुळाच्या ढेपेसारखी दिसायची.

शनिवार दुपार: पुणे ते पिंपरी

नानाचं ऑफिस शनिवारी अर्धा दिवस. जेवून दोनला निघालो. आता मी सायकल शिकले सांगलीत, नानाच्याच जुन्या सायकलवर, दांड्याखालून पाय घालून, कैची मारत. सांगलीत सायकल म्हणजे चालण्याचाच एक प्रकार. तिघं तिघं ओळीने, गप्पा मारत, ओळखीचं कोणी दिसलं की खाली उतरून, हॅंडल धरून अर्धा तास उभे. रस्ता निवडायचा वगैरे प्रश्न नाही. ज्या रस्त्याला ओळखी जास्त तो आपला रस्ता.

पुण्यात तसं नव्हतं. पुण्यात प्रत्येक सायकलवाल्याचा स्वतःचा नकाशा असायचा आणि तो दुसऱ्याला सांगायचा नाही. लक्ष्मी रस्त्याला गर्दी म्हणून एक जण या बोळातून घुसणार, चौकात पोलीस म्हणून दुसरा त्या वाड्याच्या पुढच्या दारातून शिरून मागच्या दारातून निघणार. घंटी वाजवायची ती "सरका" म्हणून. नाना यातला मुरलेला. नारायण पेठेतून शिवाजीनगरला त्याने मला असं नेलं की मधे मुख्य रस्ता एकदाच लागला, तोही आडवा ओलांडायला. बाहेर पडल्यावर अभिमानाने म्हणाला, "पुण्यात कुठल्याही बोळात शिर. कुठेतरी निघतोच." हे वाक्य लक्षात ठेवा.

एक मात्र पुण्याचं मानायला हवं. बाईने सायकल चालवली तर कोणी बघायचं नाही. माझ्यापुढे एक नऊवारीतल्या बाई पुढच्या टोपलीत भाजी घालून चालल्या होत्या आणि त्यांना रस्ता देत कोणी मान वळवली नाही. त्या वयात, कोणी आपल्याकडे बघत नाही, याचं सुख फार असतं.

खडकीला लष्करी कारखाना सुटला होता आणि समोरून सायकली आल्या. किती? मोजता येण्यासारख्या नव्हत्याच. रस्ता भरून. नाना घंटी वाजवत मधे घुसायला गेला आणि शेवटी मुकाट्याने झाडाखाली उभा राहिला. पुण्यात प्रत्येक जण आपली सायकल चालवतो, इथे गर्दीच सगळ्यांच्या सायकली चालवत होती. सगळ्यांचा वेग एक, वळण एक, कोणी कोणाला ओलांडत नव्हतं. दहा मिनिटं आम्ही ते बघत उभे होतो. मग दापोडीचा पूल, कासारवाडी आणि पिंपरी. कासारवाडीला नाशिकचा रस्ता उजवीकडे फुटतो तिथे मी जरा थांबून बघून घेतलं. उद्या तिकडेच जायचं होतं.

पिंपरीत मावशी वाट बघत होती. तिचे यजमान, आमचे काका, औषधांच्या नव्या कारखान्यात लागले होते आणि आल्या आल्या त्यांनी नानाला कारखान्याचं गुणगान ऐकवलं. मावशीने पिठलं-भाकरी आणि लसणीची चटणी केली होती. पलीकडे निर्वासित सिंधी लोकांची वस्ती, तिथून काका दाल-पकवान घेऊन आले. मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्लं आणि मनात म्हटलं, इथे राहायला काहीच हरकत नाही. पण हरकत मी घ्यायची नव्हती.

रविवार सकाळ: भोसरीपर्यंत सुरळीत

साडेसहाला निघालो. शाळा सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी दोन ते पाच अशी भरायची, तेव्हा माझी रोजची वेळ हीच असणार होती. नाना म्हणाला, "खरी वेळ धरून बघू." हे मात्र त्याने नीट केलं.

नाशिकचा रस्ता म्हणजे मधे डांबराची एक अरुंद पट्टी आणि दोन्ही बाजूंना मातीची साइडपट्टी. समोरून ट्रक आला की कोणीतरी खाली उतरायचं, आणि ट्रक उतरत नसे. आमच्या पुढे एक गवळी रिकाम्या कॅना लटकवून चालला होता. मागून ट्रकचा आवाज आला की तो मागे न बघता, न थांबता मातीत उतरायचा आणि ट्रक गेला की पुन्हा वर. मी त्याचं बघून तसंच करायला लागले. नाना डांबर सोडायला तयार नाही. "रस्ता काय त्याच्या बापाचा आहे?" त्याचं म्हणणं बरोबर होतं, पण ट्रकवाल्याला ते कोण सांगणार. दुसऱ्या ट्रकने इतक्या जवळून हॉर्न दिला की नाना सायकलसकट रस्त्याकडेच्या चारीत. लागलं नाही, धोतराला चिखल लागला. वर आल्यावर म्हणाला, "हा रस्ता बायकांच्या कामाचा नाही." मी म्हटलं, "पडलास तू." तो धोतर झटकून पुन्हा सायकलवर चढला. त्याने आत्ताच मत बनवलं तर पुढे कशाला जायचं.

भोसरीत लोक बघायला लागले. वाईट नजरेने नाही, नुसते बघत होते. एक बाई हंडा घेऊन चालली होती, ती वळून उभीच राहिली. दोन-तीन पोरं मागे धावली. बैलगाडीवरचा म्हातारा बोलता बोलता थांबला. चाकणच्या शनिवारच्या बाजाराहून रिकाम्या गाड्या परतत होत्या, गाडीवान आत झोपलेले आणि बैल आपले घरच्या वाटेने चाललेले. अशा गाडीला घंटी वाजवून काही उपयोग नसतो, कारण ऐकणारा झोपलेला आणि जागा असणारा ऐकत नाही.

भोसरीच्या पुढे एका वडाखाली चहाची टपरी होती. एक आणा कप. तिथे नानाने टपरीवाल्याला शाळेच्या गावाचं नाव सांगून विचारलं, "हे गाव नदीच्या पलीकडे ना? मग हा रस्ता इतका वळसा का घालतो?" टपरीवाला म्हणाला, "मोशीला पूल हाय म्हनून." नानाने उजवीकडे बोट दाखवलं. तिथून शेतांच्या मधून एक वाट नदीकडे गेली होती. "ही वाट?"

"ती जाते नदीला."

"बघ," नाना मला म्हणाला, "नदीपर्यंत वाट आहे म्हणजे पलीकडे जायची सोय असणार. उगीच कोण नदीपर्यंत वाट करील? दोन मैल वाचले."

मी म्हटलं, "नाना, मोठ्या रस्त्यानेच जाऊ."

"तुला रोज दोन मैल जास्त मारायचे आहेत का?"

मी गप्प बसले. खरं सांगते, भीतीने बसले. त्याला राग आला तर संध्याकाळी कार्डावर तो राग उतरेल, ही ती भीती.

बोळ संपतो

वाट आधी गाडीवाट होती. मग बैलवाट झाली, मग बांधावरची पायवाट. दोन्हीकडे कांद्याची रोपं, मग बाभळी. आम्ही उतरून सायकली ढकलायला लागलो. नाना म्हणत होता, "आता निघेल, आता निघेल." आणि निघाली ती एका विहिरीपाशी. विहीर, मोट, तिचे दोन बैल, एक खोपटं, आणि वाट संपली. पुढे पंचवीस पावलांवर इंद्रायणी.

पलीकडच्या काठावर गाव होतं. देवळाचा कळस आणि त्याच्या शेजारी कौलारू, दोन खोल्यांची इमारत. समोर झेंड्याचा खांब. ती माझी शाळा होती. इथून हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ, आणि जायला मार्ग नाही. मला तिथे उभ्याउभ्या रडू आलं. नानाला वाटलं दमले म्हणून.

खोपट्यातून एक म्हातारी आणि तिचा मुलगा बाहेर आले. मुलगा पंचविशीचा, अंगात खाकी हाफ शर्ट. त्याने आधी आमच्याकडे आणि मग सायकलींच्या चाकांकडे बघितलं. "पंक्चर झाली की," तो म्हणाला, "दोन्ही." खरंच. माझं मागचं चाक बसलेलं आणि नानाची दोन्ही. बाभळीच्या काट्यांनी भरली होती.

त्याचं नाव मारुती. म्हातारी त्याची आई. मारुतीने घमेल्यात मोटेचं पाणी घेतलं, ट्यूब बाहेर काढली आणि बुडबुडे बघत एकेक भोक शोधायला बसला. नानाच्या डब्यात ठिगळं फक्त तीन. भोकं एकूण पाच, त्यातली तीन नानाच्या मागच्या चाकालाच. म्हातारीने आम्हाला गुळाचा खडा आणि पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "हिकडं कुटं चालला व्हता, सायकली घेऊन?"

नानाने सांगितलं. शाळा, ऑर्डर, अण्णांचं कार्ड, सगळंच.

"म्हंजी ह्यी रोज एकटी येनार, न् रस्ता बराबर हाय का ते बगाया तू आलास?"

"हो."

"आन् चुकलास तूच."

मारुती खाली मान घालून ट्यूब घासत होता, पण त्याचे खांदे हलत होते. नाना म्हणाला, "पुण्यात असा रस्ता कुठेतरी निघतोच, आजी."

"निघतो की. हिरीला निघतो. आमची वाट हाय ती, आमच्या हिरीला येती. तुमच्या गावात बोळात हिरी नसत्यात व्हय?"

मी इतका वेळ धरून ठेवलेलं हसू तिथे सुटलं. नानाही कसाबसा हसला.

मारुती पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात होता, काकांच्याच खात्यात, आणि राहायला मोशीला, हे बोलता बोलता निघालं. तो म्हणाला, "ताई, हितं रस्ता एकच हाय. त्यात निवडायचं काय? हितं टाइम निवडायचा." मग त्याने सांगितलं ते मी त्याच्याच शब्दांत लिहिते, कारण माझी सहा वर्षं त्याच्यावर निभावली. "आमी सात जन हाय ड्यूटीवाले. मोशीच्या पुलापास्नं पावणेसातला निघतो. सातच्या पुढं भोसरीच्या वडापाशी असतो. तुमी पिंपरीस्नं साडेसाला निघाला, तर तुमीबी तितंच. आमी माळ ओलांडून आल्याले असनार, मंग पुढं काय हाय ते आमी तुमास्नी सांगनार. ट्रक पडलाय, कुत्रं पिसाळलंय, कायबी. सांजच्याला उलटं. तुमी माळ ओलांडून येनार, आमी त्योच माळ ओलांडाया निघनार. वडापाशी तुमी दिसला न्हाई, तर आमी तुमास्नी हुडकतच घरला जानार. येगळं यायला नगं, आमची वाटच ती हाय."

मी नानाकडे बघितलं. तो चाकात हवा भरत होता, ऐकतोय की नाही ते कळत नव्हतं. मी मारुतीला विचारलं, "आणि सगळे टक लावून बघतात ते?"

"आठ दिस बगत्याल," म्हातारी म्हणाली. "मंग तू दिसली न्हाईस तर इचारत्याल, आज बाई का न्हाई आली. घंटी वाजवीत जा म्हंजी कळंल, बाई आली."

पुण्यात घंटी वाजवतात ती समोरच्याने बाजूला व्हावं म्हणून. आणि इथे ही म्हातारी मला आपण आल्याचं कळवायला घंटी वाजवायला सांगत होती. मला एकदम सांगलीची आठवण झाली.

पूल, शाळा आणि चाकणची भजी

परत मोठ्या रस्त्याला लागलो. आता पुढे मी. नाना मागे, कारण त्याच्या मागच्या चाकाची उरलेली दोन भोकं मारुतीने चिंधी बांधून दाबली होती आणि मैलागणिक हवा भरावी लागत होती. मागून ट्रक आला की मी मातीत उतरायची आणि नानाही मुकाट्याने उतरायचा. मोशीपर्यंतचा माळ मी नीट बघितला. ओसाड होता, खोटं कशाला बोलू. दीड-एक मैल ना घर, ना झाड. पण रोजची वेळ असती तर सात सायकली नुकत्याच इथून गेलेल्या असत्या, हे डोक्यात धरून बघितलं की तो माळ वेगळा दिसत होता.

पूल ओलांडून गावात गेलो. रविवार म्हणून शाळेला कुलूप. खिडकीतून आत बघितलं. फळ्यावर पाच ते सातचे पाढे लिहिलेले, सातचा अर्धवट सोडलेला. मी नानाला ते दाखवलं. त्याने खिडकीतून बघितलं आणि म्हणाला, "चला, चाक बसतंय."

पंक्चर काढायला चाकणशिवाय दुकान नव्हतं. चाकणला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. बाजाराच्या मैदानात कांद्याच्या सालींचा थर होता आणि वाऱ्यावर सालीच उडत होत्या. सायकलवाला जाड काचांचा चष्मा लावून बसला होता. नानाची सायकल उलटी करून म्हणाला, "पुण्याची."

"कशावरून?" नानाने विचारलं.

"ब्रेकचं रबर संपलंय. पुण्याची गाडी आली की रबर गेलेलं असतं, चेन मात्र कोरी. पिंपरीवाल्यांचं उलटं, रोज लांबचं मारतात, चेन जाते. आमच्या चाकणची असली की कॅरियर वाकलेलं. कांद्याचं पोतं." मग माझ्या सायकलकडे बघून म्हणाला, "ही कुणाचीच न्हाई. भाड्याची."

इतकी हुशार माणसं मी पुढे नोकरीत फार थोडी बघितली. शेजारच्या हॉटेलात कांदाभजी आणि चहा घेतला, दोघांचे मिळून सहा आणे. भजी उत्तम. चाकणला जाऊन कांदाभजी न खाता येऊ नये, हे आजही सांगते. नाना तीन प्लेटी खाऊन एक अक्षर बोलला नाही.

परतीला तो तसाच. सायकल झकास चालत होती, ऊन उतरत होतं, वारं मागून होतं, आणि मी सारखी त्याच्या तोंडाकडे बघत होते. नाना बोलत असला की त्याचं काय चाललंय ते कळायचं. गप्प बसला की अवघड. चारीत पडला, वाट चुकला, म्हातारीने त्याची फिरकी घेतली, परक्या माणसापुढे तीन चाकं पंक्चर. पुण्याच्या माणसाने एवढं सगळं रस्त्याच्या नावावर टाकलं असतं तर त्यात नवल काय. मी मनातल्या मनात सांगलीची ट्रंक भरायला घेतली होती.

पिंपरी, चार वाजता

मावशीकडे चहा झाला. नानाने काकांकडे एक कोरं कार्ड मागितलं. काकांनी दिलं, दौत-टाक दिला. मी चुलीपाशी मावशीला मदत करते असं दाखवत उभी, कान तिकडे. नाना बसला, टाक बुडवला आणि कार्डाच्या अगदी तळाशी काहीतरी लिहिलं. एवढंच. मग उठला आणि कार्ड माझ्यापुढे धरलं.

कार्ड कोरं होतं. खाली फक्त त्याची सही.

"वर तू लिही," तो म्हणाला.

"मी?"

"रस्ता तुला तुडवायचा आहे. मला तो किती कळतो ते मी दाखवलंच तुला, विहिरीपर्यंत नेऊन."

मी विचारलं, "आणि काय लिहू?"

"जे बघितलंस ते. वाढवून लिहू नकोस आणि लपवू नकोस."

मी लिहिलं. बारीक अक्षरात, कडेपर्यंत. ट्रक फार आणि डांबर अरुंद आहे, मातीत उतरावं लागतं, हे लिहिलं. दीड मैल माळ ओसाड आहे, तेही लिहिलं. पहिले काही दिवस लोक बघतील हे लिहिलं. मग वड, साडेसहाची वेळ, मारुती आणि ते सात जण, म्हातारी काय म्हणाली ते. शेवटी लिहिलं, की रस्ता सोपा नाही, पण जाता येण्यासारखा आहे, आणि रोज जाता येईल. मग कार्ड नानाला दिलं. "वाच एकदा."

"कशाला? सही माझीच आहे." असं म्हणून त्याने ते खिशात घातलं आणि जाताना पेटीत टाकलं. खरंच वाचलं नाही. मी पेटीपाशी त्याच्याकडेच बघत होते.

दिवेलागणीच्या आत पुण्यात पोचलो. या वेळी खडकी, वाकडेवाडी, शिवाजीनगर, सरळ मोठ्या रस्त्याने. बोळाचं नाव कोणी काढलं नाही. मांड्या चार दिवस दुखल्या. हाताला बाभळीचे ओरखडे होते, वहिनीने हळद लावली.

आज जाणार असाल तर पहाटे निघा, कारण मोशीच्या पुढे कंटेनर आणि कंपन्यांच्या बस उजाडल्यावर रस्ता सोडत नाहीत. वड नाही. तो माळ शोधू नका, त्यावर आता सहा मजली इमारती आहेत. पण भोसरीच्या चौकात शिफ्टला निघालेले चार-पाच सायकलवाले अजून दिसतात, त्यांच्याकडे बघा. ते पुण्याच्या मुलांसारखे एकमेकांना मागे टाकत नाहीत. त्यांच्या पाठोपाठ जा, आणि शेतात वाट दिसली तर आधी कोणालातरी विचारा. त्या प्रवासातून माझ्याकडे एवढीच अक्कल उरली, आणि ती मला पुढे नकाशे वापरणाऱ्या पुष्कळ लोकांत दिसली नाही.

अण्णांचं उत्तर शुक्रवारी आलं. नानाच्या नावाने. चार दिवस मला अन्न गोड लागलं नव्हतं. नाना ऑफिसात होता, वहिनीने कार्ड वाचलं, माझ्या हातात दिलं आणि पदराने डोळे पुसायला लागली, तेव्हा मला वाटलं संपलं. मग मी वाचलं.

"चि. नाना यास अनेक आशीर्वाद. रस्त्याविषयीचे पत्र पावले. मजकूर सविस्तर आहे. तुझे अक्षर अलीकडे फारच सुधारले, हे पाहून समाधान वाटले. बाईंना सोमवारी शाळेत वेळेवर हजर होण्यास सांगावे."